सहा चॅम्पियन, सहा जुन्या फोर्मा : बुर्सातल्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

ठरवलं एकदाचं, आणि लिहून ठेवतोय म्हणजे मधेच सोडणार नाही. टर्कीची फुटबॉल लीग १९५९ ला सुरू झाली तेव्हापासून आजपर्यंत फक्त सहा क्लब चॅम्पियन झालेत. गालातासाराय, फेनरबाहचे, बेशिक्ताश, त्राब्झोनस्पोर, बुर्सास्पोर आणि बाशाकशेहिर. बस्स. प्रत्येक क्लबची एकेक फोर्मा घ्यायची (इथं जर्सीला फोर्मा म्हणतात, मीही आता तेच म्हणतो), तीसुद्धा ज्या सीझनला तो क्लब चॅम्पियन झाला त्याच सीझनची, आणि कुणीतरी घातलेली. नवी पिशवीबंद नको, खेळाडूनं मॅचमध्ये घातलेलीही नको, त्यांच्या किमती आपल्या आवाक्यातल्या नाहीत आणि मला ते हवंही नाही. स्टँडमध्ये उभं राहून ओरडणाऱ्या माणसाची पाहिजे.

बजेट एका फोर्म्याला १५०० लिरा, म्हणजे आत्ताच्या भावानं साडेतीन-पावणेचार हजार रुपये. मुदत मे अखेर, कारण तोवरच माझं इथल्या, टर्कीतल्या बुर्सा शहरातल्या मिलमधलं लूमचं काम आहे, मग परत इचलकरंजी.

फोर्मा जाणार कोल्हापूरला मामाकडे. मामा ऐंशीच्या दशकात पेठेच्या फुटबॉल टीमकडून शाहू स्टेडियमवर खेळला, त्याची त्या वेळची जर्सी अजून ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलीय, आणि पेठेतली बारकी पोरं आली की तो ती काढून दाखवतो. त्या ट्रंकेशेजारी ह्या सहा टांगायच्या. दुसऱ्या देशातल्या पेठापण अशाच भांडतात हे पोरांना दिसू दे.

१३ ऑक्टोबर, रविवार

पहिली मिळाली, त्राब्झोनस्पोर २०२१-२२. सोपी होती, अलीकडची आहे आणि त्या वर्षी अख्ख्या त्राब्झोननं घेतली असणार. मिलमधल्या डाईंगच्या एका पोराचं गाव त्राब्झोन, त्यानं भावाची आणून दिली, ७०० लिरा. मरून आणि निळा, इकडं म्हणतात बोर्दो-मावी.

ह्या क्लबची गोष्ट मामाला फोनवर सांगितली तर तो खूश. १९६७ ला स्थापन झालेला क्लब, काळ्या समुद्राच्या काठावरचं गाव, आणि १९७६ ला इस्तंबूलच्या बाहेरचा पहिला चॅम्पियन. १९८४ पर्यंत सहा टायटल, आणि मग थेट ३८ वर्षं काहीच नाही. ३० एप्रिल २०२२ ला घरच्या मैदानावर अंताल्यास्पोरशी २-२ ड्रॉ झाली तेव्हा कुठं सातवं आलं. त्या पोराचा जन्म १९९८ चा, त्याच्या वडिलांनी त्याला लहानपणापासून फक्त ऐकवलंच होतं. ६१ हा त्यांचा गाडीच्या पासिंगचा नंबर, आपला कसा एमएच ०९, तर मॅचच्या ६१ व्या मिनिटाला अख्खं स्टेडियम उठून ओरडतं. ह्या फोर्म्याच्या पाठीवर पण ६१ च आहे, खेळाडूचं नाव नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

मुदान्या बंदरावरून फेरीबोटीनं इस्तंबूल, तिथून फेरिकॉयचा रविवारचा जुना बाजार. काही घेतलं नाही पण शिकलो बरंच. चांदीचे चमचे, जुने कॅमेरे, रेकॉर्ड, बिल्ले, आणि मधेच एखाद्या टेबलाखाली खोक्यात फोर्मा कोंबलेल्या. खोकं उपसायचं आपणच.

भाषा मला अजून तोडकीमोडकीच येते पण बाजारात अडत नाही कारण अर्धे शब्द आपलेच निघतात. दुकान म्हणजे दुक्कान, हिशेब म्हणजे हेसाप, हफ्ता म्हणजे हाफ्ता, तमाम म्हणजे तामाम, साबण म्हणजे साबून. बाकी तीन-चार शब्द पाठ केलेत. 'इकिन्जी एल' म्हणजे सेकंडहँड, 'चाक्मा' म्हणजे डुप्लिकेट, 'सोन फियात' म्हणजे शेवटची किंमत. आणि घेतल्यावर विकणारा म्हणतो 'हायर्ली ओल्सुन', ह्यातून तुझं भलं होवो असं काहीसं. जुनी चड्डी घेतली तरी म्हणतात, मला हे फार आवडतं.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. ताईचा व्हिडिओ कॉल. फोर्म्याचं काम नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

ॲपवरून मागवलेलं गालातासाराय १९९९-२००० चं पार्सल आलं आणि ती चाक्मा निघाली. १४०० लिरा. जीवाला फार लागलं, कारण ह्या एकीची मी सगळ्यात जास्त वाट बघत होतो.

तो सीझन म्हणजे टर्कीच्या फुटबॉलमधला सगळ्यात मोठा. फातिह तेरिम कोच, हाजी आणि हाकान शुकुर पुढं, गोलमध्ये ताफारेल. लीग घेतली, देशाचा कप घेतला, आणि १७ मे २००० ला कोपनहेगनला आर्सेनलला पेनल्टीवर हरवून युएफा कप, तोही हाजीला एक्स्ट्रा टाइममध्ये रेड कार्ड मिळालेलं असताना. शेवटची पेनल्टी पोपेस्कूची. टर्कीच्या क्लबनं जिंकलेला तो पहिला युरोपियन कप. म्हणूनच ह्या एका फोर्म्याची नक्कल सगळ्यात जास्त होते.

आता पकडली कशी ते लिहितो, पुढं मलाच उपयोगी पडेल. क्लबच्या लोगोवर तीन स्टार होते. इथं दर पाच टायटलला एक स्टार मिळतो, आणि गालातासारायचं पंधरावं टायटल आलं २००२ ला, म्हणजे २००० च्या फोर्म्यावर तिसरा स्टार येईलच कुठून. फोटोत लोगोवर उजेड चमकत होता, मी झूम करून मोजायला पाहिजे होते. मग पिक ग्लास लावून कापड बघितलं. आमच्याकडं लूमवर धागे मोजायला ते छोटं भिंग सगळ्यांच्याच खिशात असतं. सगळी साधी सिंगल जर्सी, आजकालचं हलकं कापड, त्या काळचं पॉलिस्टर अंगावर जसं जड पडतं तसं हे पडत नाही. आणि नंबर. त्या काळात नंबर आणि स्पॉन्सरचं नाव बहुतेक फ्लॉकचं असायचं, म्हणजे गोंदावर बारीक तंतू उभे चिकटवलेले, हात फिरवला की मखमल लागते, आणि जुनं झालं की जागोजागी टक्कल पडतं. ह्याच्यावर गुळगुळीत प्लास्टिक होतं आणि त्यावर मुद्दाम कशानं तरी घासून म्हातारपण आणलेलं. घासलेले ओरखडे सगळे एकाच दिशेनं. वापरलेल्या कपड्याची झीज अशी नसते, ती काखेत असते, पोटावर टेबल घासतं तिथं असते, कॉलरच्या मागच्या बाजूला असते.

९ नोव्हेंबर

विकणाऱ्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला ओरिजिनल आहे आबी (म्हणजे दादा), मग म्हणाला मला माहीत नव्हतं, मग उत्तरच बंद. ॲपवर तक्रार केली तर पार्सल मिळाल्याचं मी आधीच कन्फर्म केलेलं म्हणून पैसे त्याला गेलेले. हा नियम आजपासून पक्का, पाकीट उघडून भिंगानं बघितल्याशिवाय ते हिरवं बटण दाबायचं नाही.

फोर्मा कापून आतली बाजू अभ्यासाला ठेवली. शिलाईचा एक धागा जाळून बघितला, पॉलिस्टरच, वितळून काळा कडक मणी झाला.

२४ नोव्हेंबर, रविवार

इस्तंबूलचं कादिकॉय. आजचा दिवस सोन्याचा.

खरं तर कादिकॉय म्हणजे फेनरबाहचेचा इलाखा, बोटीतून उतरल्यापासून पिवळा आणि गडद निळा, पोरांच्या टोप्या, बाल्कनीतले झेंडे. जुन्या वस्तूंच्या दुकानांची गल्ली आहे तिथं, आणि मला मिळाली ती बेशिक्ताशची, तीही गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या एस्किजीच्या हातगाडीवर. एस्किजी म्हणजे आपला भंगारवाला, घरोघर ओरडत फिरणारा. पितळी कढई, एक मोडका रेडिओ आणि खाली ती घडी, काळे-पांढरे उभे पट्टे (उभ्या पट्ट्यांच्या फोर्म्याला चुबुक्लू म्हणतात), छातीवर स्पॉन्सर बेकोचं नाव. मी घडी उलगडताना हात थरथरत होते हे खरं आहे. २००२-०३. क्लबची स्थापना १९०३, म्हणजे शंभरावं वर्ष, कोच लुचेस्कू, आणि शंभराव्याच वर्षी चॅम्पियन.

आत कॉलरला पिनेनं पुठ्ठ्याचं किमतीचं लेबल अजून लटकत होतं, ४५.०००.००० लिरा. साडेचार कोटी. १ जानेवारी २००५ ला इथल्या सरकारनं पैशावरचे सहा शून्य काढून टाकले, त्याच्या आधीचं ते. म्हणजे घालून घालून कॉलर विरली पण मालकानं लेबल काही काढलं नाही, आतल्या बाजूला ठेवून दिलं. का ठेवलं असेल? काखेत घामाचे पिवळे डाग आहेत, खालच्या शिलाईला वेगळ्या काळ्या दोऱ्यानं हातानं टाके घातलेत, बारीक, सारखे, सवयीच्या हाताचे. कुणाच्या आईनं किंवा बायकोनं घातलेले असणार.

एस्किजीनं ६०० सांगितले. घासाघीस करायची असते, नाहीतर त्यालाच वाईट वाटतं, तर ४५० ला ठरलं आणि मी ५०० दिले. हायर्ली ओल्सुन.

टाके मी उसवणार नाही.

१५ डिसेंबर, रविवार

फेनरबाहचे २००६-०७ दोन आठवड्यांपूर्वी घेतली होती, लिहायचं राहिलं. इथल्याच एका रिटायर मास्तरांकडून, ९०० लिरा. हे क्लबचं शंभरावं वर्ष, १९०७ चा क्लब, आणि बेशिक्ताशसारखेच हेही शंभराव्या वर्षी चॅम्पियन झाले. कोच होता झिको, तोच जो पुढं २०१४ पासून तीन सीझन आपल्या एफसी गोवाचा कोच होता. मामानं त्याला फातोर्ड्याला साइडलाइनवर उभं राहिलेलं बघितलंय, तो तेव्हा खास कोल्हापूरवरनं गेलेला. त्याच्या आधी ह्याच क्लबात आनेल्का खेळून गेला, तो नंतर मुंबई सिटीला आला. म्हणजे ह्या पिवळ्या-निळ्या पट्ट्यातून आपल्याकडं दोघं आले, हे मामाच्या भिंतीवर लिहून लावणार.

आज धुतली. पद्धत अशी केली, उलटी करून गार पाण्यात अर्धा तास, साधा साबण, घासायचं नाही, पिळायचं नाही, टॉवेलवर पसरून गुंडाळी करून दाबायची, सावलीत आडवी वाळत घालायची. पाठीवरचा नंबर कडेनं सुटत होता तिथं चिकटवायच्या फंदात पडलो नाही. इस्त्री लावली तर जुन्या प्रिंटचा कारभारच आटोपतो. पाणी तीनदा बदललं, पहिलं चहासारखं निघालं.

२० जानेवारी २०२५, सोमवार

यादीत नसलेली एक घेतली. साम्सुनस्पोर. चॅम्पियन कधीच झालेले नाहीत, पण आज घ्यावीशी वाटली.

२० जानेवारी १९८९ ला साम्सुनस्पोरची टीम मालात्याला मॅचला निघाली होती आणि रस्त्यात बसला अपघात झाला. कोच नुरी आसान गेले, खेळाडू गेले, ड्रायव्हर गेला. क्लबचे रंग लाल-पांढरे होते, त्यात तेव्हापासून काळा आला तो आजतागायत आहे. मिलमध्ये साम्सुनचे एक फिटर आहेत, पन्नाशीचे, ते आज डब्याच्या सुट्टीत फारसं बोलले नाहीत, मी विचारलं तेव्हा त्यांनी हे सांगितलं. ते तेव्हा शाळेत होते. संध्याकाळी मी ॲपवर शोधली, २०११ नंतरची असावी, बाहीवर 'स्पोर टोटो' लीगचा बिल्ला असलेली, ३५० लिरा. (बाहीचा बिल्ला बघायचा, लीगला २००५ ते २०१० टर्कसेल ह्या स्पॉन्सरचं नाव होतं, त्याच्यानंतर स्पोर टोटोचं. तारीख काढायला ह्याच्यासारखं सोपं काही नाही.)

मामाला सांगितलं सातवी पण येणार. तो म्हणाला येऊ दे, तिला मधोमध लावू.

९ फेब्रुवारी, रविवार

उस्तांच्या घरी जेवायला. उस्ता म्हणजे आपला उस्तादच, आमच्या शेडचे मुख्य मेकॅनिक, बुर्साचेच. जेवण झाल्यावर आतून त्यांनी त्यांची बुर्सास्पोरची २००९-१० ची आणली, हिरवी-पांढरी, घडीत कागद घालून ठेवलेली.

१६ मे २०१० ची गोष्ट त्यांनी दीड तास सांगितली आणि मी एकदाही घड्याळ बघितलं नाही. शेवटचा दिवस, फेनरबाहचे पुढं, त्यांना घरी त्राब्झोनस्पोरला हरवायचं होतं. इकडं बुर्सानं बेशिक्ताशला २-१ हरवलं. तिकडं १-१ वर मॅच संपली, पण कादिकॉयच्या स्टेडियममध्ये कुणीतरी स्पीकरवर जाहीर केलं की बुर्साची मॅच ड्रॉ झाली, आणि लोक मैदानात घुसून नाचायला लागले. आणि इकडं बुर्सात उस्ता रेडिओ कानाला लावून उभे, शेजारच्याला विचारतायत की आपण जिंकलो ना, मग ते का नाचतायत. एका पॉइंटनं, ७५ आणि ७४. इस्तंबूल आणि त्राब्झोन सोडून कुणी चॅम्पियन होण्याची ती पहिलीच वेळ, आणि अजूनपर्यंत तरी शेवटचीच. रात्रभर गाडीच्या टपावर होतो म्हणाले. फोर्म्यावर चहाचा डाग आहे, तो त्या रात्रीचा.

मी विकत मागितली नाही. जो माणूस कागद घालून घडी ठेवतो त्याला किंमत विचारायची नसते. फक्त विचारलं, भिंगानं बघू का? त्यांना नवल वाटलं, मग म्हणाले बघ. टेबललॅम्पखाली धरून मी मोजलं, इंचाला किती वेल (विणीच्या उभ्या रांगा), किती कोर्स (आडव्या रांगा), बगलेला कुठली जाळी, शिलाई कशी, आतल्या लेबलवरचा कोड, लोगोच्या मागचा बॅकिंगचा कागद. सगळं वहीत उतरवलं. ओरिजिनल हातात धरून केलेली असली एक नोंद शंभर फोटोंपेक्षा भारी.

आज बुर्सास्पोर चौथ्या पायरीवरच्या लीगमध्ये खेळतंय. २०१९ ला वरच्या लीगमधून पडले, मग २०२२ ला, मग २०२४ ला परत खाली. तरी स्टेडियम भरतं. त्या स्टेडियमला मगरीचा आकार दिलाय, टिमसाह म्हणजे मगर हे त्यांचं चिन्ह, आणि मगरीचं तोंड रस्त्यावरून दिसतं. उस्ता अजून जातात.

२ मार्च, रविवार

रमजान कालपासून. मिलमध्ये दिवसा चहा बंद, मीही उघड्यावर पीत नाही.

बुर्साची मिळाली! दोलाप नावाच्या ॲपवर (दोलाप म्हणजे कपाट), शहरातलीच एक बाई, ४०० लिरा, 'लहान मुलाची' असं लिहिलेलं म्हणून बहुतेक कुणी घेतली नसावी. वहीत उतरवलेलं एकेक ताडून बघितलं. जाळी तीच, शिलाई तीच, लेबलची छपाई तीच. खरी आहे. मग कन्फर्म केलं.

साइज आठ ते दहा वर्षांची. कॉलरच्या आत निळ्या मार्करनं लिहिलंय, ४-ब. चौथी ब. शाळेत पोरांच्या कपड्यावर वर्ग लिहितात तसं, म्हणजे हे पोर चॅम्पियनची फोर्मा घालून शाळेत जायचं आणि आईला भीती होती की हरवेल. कोपरापाशी गवताचा हिरवा डाग, हिरव्यावर हिरवा, हात फिरवल्यावर कळतो. ते पोर आता पंचविशीच्या आसपासचं असेल.

मोठ्या माणसाची मिळेपर्यंत थांबायचं असं क्षणभर मनात आलं होतं. नाही थांबत. हीच.

उस्तांना दाखवली. त्यांनी तो मार्कर बघितला आणि बराच वेळ घडीच हातात धरून बसले.

१८ मे, रविवार

गालातासाराय आज पंचविसाव्यांदा चॅम्पियन. कायसेरीस्पोरला ३-०. पाचवा स्टार. रस्त्यावर हॉर्नचा नुसता कल्लोळ आहे, बुर्सातसुद्धा.

नशीब माझी गेल्याच आठवड्यात घेऊन झाली, कारण आज सकाळपासून त्यांच्या जुन्या फोर्म्यांच्या किमती चढल्यात, मी ११०० ला घेतली तसलीच एक आता २२०० ला लावलीय. १९९९-२००० चा नाद सोडला. खरी बजेटमध्ये मिळत नाही आणि खोटी मामाच्या भिंतीवर लागणार नाही. त्याऐवजी २०११-१२, तीन स्टार, आत बारक्या पट्टीवर नायकेचा कोड आहे तो सीझनशी जुळतो. त्या वर्षी लीगनंतर वरच्या चार टीमचं वेगळं प्लेऑफ होतं आणि शेवटची मॅच १२ मे २०१२ ला फेनरबाहचेच्याच मैदानावर, ०-० झाली आणि गालातासारायनं टायटल तिथंच घेतलं. शिवाजी पेठेनं मंगळवार पेठेत जाऊन कप उचलावा तसं. मामाला हे एका वाक्यात समजलं.

बुर्सास्पोर पण ह्या सीझनला एक पायरी वर आलं. उस्तांनी मिलमध्ये सगळ्यांना बकलावा वाटला.

२५ मे, रविवार

बॅग भरतोय. डाग, टाके, लेबल सगळं आहे तसं. प्रत्येकीच्या घडीत बिनछपाईचा पांढरा कागद, प्लास्टिकची पिशवी नाही, आत दमट राहिलं की बुरशी धरते आणि फ्लॉक सुटतं. सोबत एकेक कार्ड, मराठीत, क्लब, सीझन, कुठं मिळाली, कुणाकडून (नाव नाही, फक्त 'रिटायर मास्तर', 'हातगाडीवाला'). साम्सुनच्या कार्डाला सगळ्यात जास्त वेळ लागला.

बाशाकशेहिर राहिली. चॅम्पियनच्या यादीत सगळ्यात शेवटी आलेला क्लब, म्हणून त्यातल्या त्यात सोपी जाईल असं धरून चाललो होतो आणि तीच नडली. २०१९-२० ला चॅम्पियन झाले, कोच ओकान बुरुक, जो आज गालातासारायचा आहे. क्लब मूळचा इस्तंबूल महापालिकेचा, १९९० चा, नव्या वसाहतीतला, म्हणावा असा पाठीराखाच नाही. त्यात कोविड, टायटल जुलै २०२० ला रिकाम्या स्टेडियममध्ये आलं. ज्यांच्या फोर्मा मुळात फार कुणी विकतच घेतल्या नाहीत त्या जुन्या होऊन बाजारात येणार कुठून? आठ महिन्यांत त्या सीझनच्या म्हणून दोन दिसल्या, एक लहानग्याची फाटकी, दुसरी चाक्मा. भगव्या रंगाची ती, मामाला लांबून पण आवडली असती.

काल रात्री एक नवीन जाहिरात दिसली, इस्तंबूलची, फोटो अंधारात काढलेला, लोगो नीट दिसत नाही. आतल्या लेबलचा आणि लोगोच्या मागच्या बाजूचा फोटो मागितलाय. विमान बुधवारी आहे. उस्ता म्हणाले तू गेल्यावर आली तर माझ्या पत्त्यावर मागव, भिंग मात्र इथं ठेवून जा. भिंग त्यांच्या हातात दिलं, कोर्स कसे मोजायचे ते दाखवलं, त्यांनी पहिल्यांदा स्वतःचीच हिरवी काढून मोजली.